बळद

मोठी आजी होती तोवर आमच्या घरात सागरगोटे खेळायचे नाहीत, असा नियम होता. मोठी आजी म्हणजे माझी पणजी. ओट्यावर खेळा, शेजारी जाऊन खेळा, पण माजघरात फरशीवर सागरगोटे पडल्याचा आवाज आला की ती हातातलं काम तसंच टाकून परसात निघून जायची. ओरडायची नाही, रागवायची नाही. मी नऊ वर्षांची असताना, मे महिन्याच्या सुट्टीतल्या एका दुपारी, मीच तिच्या मागोमाग परसात गेले आणि विचारलं. तेव्हा ती पंच्याऐंशीची होती.

तिचं माहेर पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतलं. दिवसभर तांब्या-पितळेच्या भांड्यांवर हातोडे पडायचे. मठारण्याचा तो आवाज आळीतल्या पोरांच्या इतका अंगवळणी पडलेला, की तो थांबला तरच ती दचकून जागी व्हायची. १८९७ च्या फाल्गुनात तो सारखा थांबू लागला. पिलेग आला होता (शेवटपर्यंत ती प्लेगला पिलेगच म्हणाली). गोरे सोजीर घराघरांत शिरून तपासणी करत होते. पलीकडच्या बोळात सोजीर आले की कुणीतरी पोर पळत सांगायला यायचं आणि आळीतले हातोडे एकेक करून गप्प व्हायचे.

तिची ताई आठ वर्षांची. अंगात सणसणून ताप, जांघेत लिंबाएवढी गाठ. माजघराच्या भिंतीत बळद होतं. हल्लीच्या मुलांनी ते पाहिलेलं नसतं म्हणून सांगते: जाड भिंतीच्या पोटात राखलेली धान्याची अंधारी कोठी, वर धान्य ओतायला एक माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, त्यावर लाकडी फळी. त्या साली दुष्काळ होता, त्यात वर्ष संपत आलेलं, म्हणजे बळदाचा तळ दिसत होता. आईनं ताईला गोधडीसकट आत उतरवलं आणि फळी लावली. पाच वर्षांच्या धाकटीला बळदाखाली बसवलं, हातात सागरगोटे दिले आणि सांगितलं, मोठ्यानं मोजत खेळ, काही झालं तरी थांबू नकोस. आतली कण्हली तर बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

“सोजीर माजघरात आले,” मोठी आजी सांगत होती. “एकानं देवघरात काठी घालून देव खाली पाडले. दुसरा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याचे बूट मला अजून दिसतात. मी मोजतच राहिले. आणि आतून ताई माझ्याबरोबर मोजायला लागली गं. हळू आवाजात. तिला वाटलं, खेळच चाललाय.”

आई बळदाला पाठ टेकून उभी होती. ती मागे न बघता, ओठ न हलवल्यासारखं करून म्हणाली, “गेले गं ते. झोप आता.” सोजीर तेव्हा अजून चौकातच होते.

ताई तिसऱ्या दिवशी गेली. पहाटे, उजाडायच्या आत तिला नेलं. शेजाऱ्यांना साधा ताप सांगितला. आठवड्याभरात तिची आजीही गेली. तीच रात्री बळदात वाकून नातीच्या तोंडात पाणी घालायची. मग उरलेलं घर सासवडच्या बाजूला आजोळी गेलं आणि पुढचे चार महिने गावाबाहेर रानात, कुडाच्या झोपडीत राहिलं.

इतिहासातल्या साथींबद्दल वाचताना मला दर वेळी ती फळी लावलेली भिंत आठवते. अथेन्सपासून आजपर्यंत किती साथी आल्या, कोणती साम्राज्यं खचली, कुठले कायदे झाले, हे सगळं मीही वाचते. पण माझ्यापुरता प्रश्न तेवढाच राहिला आहे: एक आई आपल्या तापलेल्या मुलीला भिंतीत का लपवते? अडाणीपणानं, असं उत्तर त्या काळच्या सरकारी कागदांत पानोपानी सापडतं. मला ते पटत नाही. ती अडाणी असेलही, पण तिनं हिशेब केला होता, आणि तो तिच्या बाजूनं चुकलेला नव्हता.

तो हिशेब समजायला थोडं मागे जावं लागेल, मुंबईला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात तापाचे विचित्र रोगी दिसू लागले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. तिथे वैद्यकी करणारे डॉ. ॲकॅशिओ व्हिएगस हे मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. त्यांनी हा गाठीचा प्लेग आहे असं स्पष्ट सांगितलं. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला प्लेग माजला होता आणि तिथे अलेक्झांडर येर्सिननं त्याचा जंतू शोधला होता. बंदराला बंदर लागलेलं; जहाजातून माल येतो तसे उंदीरही येतात. पण व्यापाराचं शहर प्लेगचं नाव घ्यायला तयार होईना. परदेशी बंदरं आपली जहाजं अडवतील ही धास्ती होती. म्हणजे लपवायला सुरुवात कुणा गरीब बाईनं केली नव्हती. कबूल करायचं लांबणीवर टाकणारे पहिले लोक चांगले शिकलेसवरलेले होते.

कबूल केल्यावर मात्र दांडगाई सुरू झाली. रोग्याला उचलून इस्पितळात न्यायचं, घरच्यांना छावणीत ठेवायचं. गटारांत कार्बोलिक ॲसिड आणि समुद्राचं पाणी सोडलं. वस्तीला नालायक ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरं रंगवली, म्हणजे माणसांना राहायला अयोग्य. त्या अक्षरांखालून रोज जा-ये करणाऱ्या किती जणांना ती वाचता येत असतील? ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगारांचा मोठा जमाव चालून गेला. आत माणसं मारतात, त्यांच्या अंगातून मोमिआई, म्हणजे औषधी अर्क, काढतात, अशी वदंता होती. वदंता खोटी होती. पण आत गेलेलं माणूस परत येत नाही, हे लोक डोळ्यांनी बघत होते, कारण माणूस शेवटच्या घटकेला पोचल्यावरच तिथे पोचायचं. हेच इस्पितळ पुढे कस्तुरबा रुग्णालय झालं, आणि २०२० च्या मार्चमध्ये मुंबईतले कोरोनाचे पहिले रोगी तिथेच दाखल झाले.

लोक मुंबई सोडून पळाले. काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास शहर रिकामं झालं. १८९१ च्या जनगणनेत ८ लाख २१ हजार असलेली वस्ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांत घटणं म्हणजे काय, याचा अंदाज नुसत्या आकड्यानं येत नाही. गिरण्यांना माणसं मिळेनात, तेव्हा मालक नाक्यानाक्यावर उभे राहून रोजच्या रोज मजुरी देऊन कामगार पळवू लागले. एरवी महिना उलटून गेल्यावर पगार हातात घेणाऱ्याला प्लेगानं काही दिवस भाव आणला होता.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. अगदी छोटा, मोजक्या कलमांचा. सरकारला वाटेल ते उपाय करायची मुभा आणि ते करणाऱ्यांना संरक्षण, एवढाच त्याचा गाभा. रोग्याचे हक्क कुठले, याबद्दल त्यात एक ओळ नाही. १२३ वर्षांनी आपल्याकडे हाच कायदा पुन्हा वापरात आला.

पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग कमिटीचा प्रमुख म्हणून आला आणि मार्चच्या मध्यापासून लष्करी सोजिरांकडून घरं तपासायला सुरुवात झाली. आता त्या आईचा हिशेब मांडून बघा. मुलीला ताप आहे असं तिनं कळवलं असतं तर मुलीला संगमावरच्या प्लेगच्या इस्पितळात नेलं असतं, आईला बरोबर जाता येईलच असं नाही. घरच्या सगळ्यांना छावणीत. घरातलं सामान रस्त्यावर काढून त्याची होळी. जमीन उकरून, भिंती चुन्यानं पोतून, कौलं उघडून घर उघड्यावर. भट्टी बंद, भाता बंद, म्हणजे हातावरच्या पोटाला दोन महिने काही नाही. आणि बाईमाणसाला चारचौघांत उभं करून काखेत, जांघेत गाठ आहे का, ते परके पुरुष हात लावून बघणार. हे सगळं सोसून मुलगी वाचणार का? प्लेगवर औषध नव्हतं. इस्पितळातही वाचणारे थोडेच होते. एका बाजूला एवढं सगळं आणि दुसऱ्या बाजूला आपल्या घरात, आपल्या आजीच्या हातचं पाणी पिऊन मरणं. तिनं फळी लावली.

रँडचं पुढे काय झालं ते आपण शाळेत शिकलो: २२ जून १८९७, गणेशखिंड, चापेकर बंधू. टिळकांवरचा राजद्रोहाचा खटलाही शिकलो. इतिहासाच्या पुस्तकात प्लेग येतो तो त्या पिस्तुलापुरता येतो आणि जातो. बळदं, माळे, परसातली न्हाणीघरं, जिथे घराघरांतली आजारी माणसं दडवली गेली, त्यांच्यावर कुणी प्रश्न विचारत नाही.

ज्यांनी विचारायचा प्रयत्न केला त्यांचं काय झालं, हेही त्याच वर्षी दिसलं. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात सोजिरांनी बायकांवर केलेल्या अत्याचारांबद्दल सांगितलं. सरकारनं पुरावा मागितला. गोखले परत आले तेव्हा एकही माणूस नाव घेऊन पुढे यायला तयार नव्हता, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पुढे किती तरी वर्षं त्या माफीवरून त्यांना टोचून बोलण्यात आलं. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटतं. कुठल्या घरातल्या कुठल्या बाईनं उभं राहून सांगायचं होतं? जे घर आजार लपवत होतं ते घर अब्रू उघड्यावर मांडेल, ही अपेक्षाच क्रूर होती. पंडिता रमाबाईंनी मात्र प्लेगच्या इस्पितळात बायकांचे काय हाल होतात त्याबद्दल स्वतःच्या नावानं लिहिलं. त्यांच्या संस्थेतली मुलगी तिथे गेली होती. त्यांना कुणाच्या तोंडून ऐकायची गरज नव्हती.

आणि १८९७ च्या त्याच मार्च महिन्यात, तांबट आळीपासून दोन-अडीच कोसांवर, एक वेगळी गोष्ट घडत होती. सोजिरांच्या झडत्या सुरू व्हायच्या थोडं आधीची. हडपसरच्या बाजूला, गावाबाहेर मोकळ्या माळावर सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या दत्तक मुलाकडून, डॉ. यशवंतरावांकडून, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं, तेव्हा सावित्रीबाई गेल्या आणि त्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. वय ६६. त्यातच त्यांना प्लेगनं गाठलं आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुढे १९०५ मध्ये यशवंतरावही प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेले.

आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. मला त्यात आणखी एक दिसतं. त्या पोराला कुणी लपवलं नाही. महारवाड्यातल्या आईबापांनी आपलं पोर एका बाईच्या पाठीवर दिलं. सोजीर आला असता तर त्यांनीही ते दडवलं असतं. इलाज दोन्हीकडे सारखाच होता, म्हणजे जवळपास नव्हताच. रोग्याला वस्तीतून वेगळं काढणं दोन्हीकडे होतं. फरक न्यायला कोण आलं, याचा होता. ज्या बाईनं त्याच लोकांसाठी पन्नास वर्षं शेण-दगड अंगावर घेतले, ती आली होती. एवढा भरवसा फाल्गुनात साथ आली म्हणून फाल्गुनात उभा करता येत नाही.

मुंबईत तेव्हाच आणखी एक माणूस हा भरवसा कमवायला धडपडत होता. वाल्डेमार हाफकीन, ओडेसाचा ज्यू. आधी कलकत्त्याकडे कॉलऱ्याची लस टोचत फिरला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली, एक ओसरी, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. प्लेगचे जंतू वाढवायला त्यानं मांसाचं पाणी वापरलं आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून जंतूंच्या लोंब्या खाली उतरायच्या, गुहेच्या छताला लोंबणाऱ्या दगडी सुळक्यांसारख्या. आणि मांस कुठलं? बोकडाचं. गाईचं वापरलं तर हिंदू टोचून घेणार नाहीत, डुकराचं वापरलं तर मुसलमान नाहीत, याचा विचार त्यानं प्रयोगशाळेतच करून ठेवला होता. लस तयार झाल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा त्यानं स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, तरी कामावर राहिला. मग भायखळ्याच्या तुरुंगातले स्वेच्छेनं तयार झालेले कैदी, मग शहर. या माणसाचं पुढे जे झालं ते वाचताना मी दर वेळी हळहळते. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लशीच्या एका बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली आणि दोष हाफकीनच्या प्रयोगशाळेवर आला. बाटली तिथे गावात उघडताना दूषित झाली होती, हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. परळच्या जुन्या राजभवनातल्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचं नाव दिलं, पण तोवर तो हिंदुस्थान सोडून गेलेला होता.

मोठ्या आजीच्या गोष्टीतली सगळ्यात वाईट गाठ मात्र मला पुष्कळ उशिरा उलगडली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमोंद नावाचा फ्रेंच डॉक्टर कराचीत होता. काही रोग्यांच्या पायावर बारीक फोड दिसतात, ते पिसवा चावल्याचे असावेत असं त्याला वाटलं. त्यानं एका मोठ्या काचेच्या बरणीत पिसवांनी भरलेला प्लेगचा उंदीर ठेवला आणि त्याच्या शेजारी जाळीच्या पिंजऱ्यात दुसरा निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्श होणार नाही अशी व्यवस्था. निरोगी उंदीरही प्लेगनं मेला. उंदीर मेला की पिसवा गार पडलेलं अंग सोडतात आणि ऊब शोधत निघतात, हे त्यानं मांडलं. कित्येक वर्षं बड्या लोकांनी ते मानलं नाही.

आमच्याकडची खेड्यातली माणसं विज्ञान न शिकता अर्धं ओळखून होती. ‘उंदीर पडला’ एवढे दोन शब्द कानावर आले की गाव घरं सोडून रानात जायचं. मोठ्या आजीचं घर सासवडकडे रानात राहिलं, ते याच शहाणपणानं वाचलं. पण मार्च १८९७ मध्ये पुण्यातल्या त्या माजघरात कुणालाच माहीत नव्हतं, की घरात उंदरांची सगळ्यात आवडती जागा कोणती. बळद. गोधडीसकट ताईला जिथे उतरवलं तिथेच. ताईला तर रोग आधीच झाला होता. पण रात्री त्या अंधाऱ्या तोंडात खांद्यापर्यंत वाकून नातीला पाणी पाजणारी आजी आठवड्यात गेली, आणि बळदाखाली बसून सागरगोटे खेळणारी पाच वर्षांची पोर वाचली, ते कशानं, हे मला सांगता येणार नाही. सिमोंदबद्दल मी वाचलं तेव्हा मोठी आजी जाऊन पंधरा वर्षं झाली होती. ती नव्हती याचं मला त्या दिवशी बरं वाटलं. आपल्या आईनं फळी लावून कशाला कोंडून घेतलं, ते तिला कळलं नाही.

हिंदुस्थानात प्लेगानं पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत एक कोटीहून अधिक माणसं नेली. त्या आकड्यात ताई नाही. ती साध्या तापात आहे.

१९१८ ची मानमोडी मोठ्या आजीच्या बोलण्यात एका वाक्यात यायची. “मानमोडीत तुझ्या पणजोबांचे दोघे भाऊ गेले,” बस. खरं तर देशात प्लेगानं वीस वर्षांत जेवढी माणसं मेली, तेवढी त्या इन्फ्लुएंझानं काही महिन्यांत मारली. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ मृत्यू झाले. मग प्लेग तेवढा तपशिलात आणि मानमोडी एका वाक्यात, असं का? मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “त्यात कुणी कुणाला न्यायला आलंच नाही.” सरकार युद्धात होतं, डॉक्टर लष्करात होते, लोक आपापल्या घरात मेले. दुःख झालं, पण त्यात लपवाछपवी नव्हती, बूट नव्हते. किती मेले यापेक्षा कसं वागवलं, तेच घराघरांत शिल्लक राहतं, हे मला तिच्याकडून कळलं.

मोठ्या आजीनं मला बळदाची गोष्ट सांगितली त्याच मे महिन्यात आणखी एक प्रसंग झाला. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर गेरूनं रंगवलेली पाटी पुसट होत चालली होती. मोठ्या आजीला वाचता येत नव्हतं. मी तिला वाचून दाखवली. देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा. देशातली शेवटची देवी मे १९७५ मध्ये आसामात करीमगंजला सापडली होती, आणि तरीही शोध चालूच ठेवला होता, कुठे एखादा रोगी दडून राहिला असेल म्हणून. ती थांबली. “सांगितलं तर पैसे देतात?” हो म्हटलं. “आणि माणसाला नेतात कुठे?” मला माहीत नव्हतं. तिनं दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कुठे नेत नाहीत आजी, घरातच ठेवतात, दारावर राखण बसवतात, घरच्यांना धान्य देतात आणि आजूबाजूच्या सगळ्यांना टोचतात. मोठी आजी दवाखान्याच्या पायरीवर बसली. पदरानं तोंड पुसत बराच वेळ बसून होती. “घर जाळत नाहीत,” ती म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, ते मला तेव्हाही कळलं नाही.

१८०२ मध्ये मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टॉल या मुलीला देशातली पहिली देवीची लस टोचली होती. तिथून करीमगंजपर्यंत पावणेदोनशे वर्षं लागली. शेवटच्या काही वर्षांत जे जमलं त्यात लशीचा वाटा मोठा आहेच. पण दुभागी सुई हातात घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माणसांनी लोकांना लपवायचं कारण पुष्कळ कमी केलं, हेही तितकंच मोठं होतं. देवीला आई म्हणणाऱ्या, तिच्या नावानं थंड नैवेद्य ठेवणाऱ्या लोकांना त्यांच्यापैकी कित्येकांनी हिणवलं नाही. दार वाजवलं आणि विचारलं.

एवढं सगळं माहीत असलेल्या माणसानं २०२० मध्ये काय केलं, ते सांगायला हवं.

आमचे काका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, मी राहते त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. वय ७४, एकटे. जुलैच्या सुरुवातीला त्यांना ताप आला. मला म्हणाले, कुणाला बोलू नकोस. समोरच्या इमारतीतल्या एका कुटुंबाला न्यायला रुग्णवाहिका आली तेव्हा काय झालं होतं, ते आम्ही दोघांनी गॅलरीतून पाहिलं होतं. पांढऱ्या पोशाखातली माणसं, गॅलऱ्यागॅलऱ्यांतून उभे राहिलेले लोक, मोबाईलवर काढलेले व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी फाटकाला पत्रे. परत आल्यावर त्यांना दूध द्यायला कुणी तयार नव्हतं. काकांचा हिशेब तोच होता, मी सुरुवातीला मांडला तो. फक्त त्यात आता तपासणी होती, प्राणवायू होता, वाचायची शक्यता बरीच होती. हिशेब बदलला होता. मला ते कळायला हवं होतं. सावित्रीबाई, हाफकीन, सिमोंद, सगळं माझ्या वहीत लिहिलेलं होतं. आणि शेजारच्या काकूंनी जिन्यात विचारलं तेव्हा मी म्हणाले, काही नाही हो, पित्त उठलंय त्यांना.

पाच दिवस. रोज मी दाराबाहेर डबा ठेवायचे, ते आतून घ्यायचे. खोकला आला की टीव्हीचा आवाज वाढवायचे. वरून टीव्ही मोठा झाला की मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहायचे. सहाव्या दिवशी बोटाला लावायचं यंत्र मागवलं. ८४ आकडा आला. मग मी फोन केला.

रुग्णालयातल्या लोकांनी जे करता येईल ते सगळं केलं. तिथल्या एका मावशींनी रोज संध्याकाळी काकांचा फोन लावून दिला, त्यांचं नावही मला कधी कळलं नाही. काका नवव्या दिवशी गेले. महापालिकेच्या चार मुलांनी त्यांना अग्नी दिला. आम्ही स्मशानाच्या फाटकाबाहेर उभे होतो. त्या मुलांपैकी एकानं जाताना हात जोडून सांगितलं, “ताई, नीट केलंय सगळं.”

काकांना नेलं त्याच दिवशी संध्याकाळी त्यांचा पहिला फोन आला होता. धाप लागत होती. तब्येतीचं काही बोलले नाहीत. म्हणाले, “वर-खाली कुणाला कळलं का गं?”

खाली फाटकाला पत्रे ठोकायला माणसं आली होती. हातोड्यांचे घाव सगळ्या इमारतीत घुमत होते. मी एका हातानं खिडकी लावून घेतली.

“नाही काका,” मी म्हणाले. “कुणालाच नाही. तुम्ही झोपा आता.”